दुःख दोन तास दोन मिनिटं

आधी एक कबूल करून टाकतो. हे रागानं लिहिलेलं नाही. फसल्यासारखं वाटलं म्हणून लिहिलंय. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नसते त्याच्यावर कोण कशाला कागद खर्च करील?

आमच्यातला एक पोरगा आहे. मोर्चात पुढं, पत्रकं वाटण्यात पुढं, कविताही बरी लिहितो. परवा काळा टी-शर्ट घालून आला. छातीवर चंदेरी इंग्रजी अक्षरांत 'झीरो'. म्हटलं, शून्य कशाला मिरवतोस बाबा? तर म्हणाला, "दादा, तुम्हाला ठाऊक नाही. ही शिकागोची पोरं. यांच्यात आपली चीड आहे. पिंजरा, उंदीर, सगळं आहे. ऐकाल तर हादराल."

शिकागो म्हटल्यावर माझे कान टवकारले. आपल्याला शिकागो ठाऊक आहे ते दोन-तीन कारणांनी. १८८६ सालचं हेमार्केट, म्हणजे मे दिनाचं शिकागो. ४ डिसेंबर १९६९ ला पहाटे पोलिसांनी घरात घुसून फ्रेड हॅम्प्टनला मारलं ते शिकागो. एकवीस वर्षांचा पोरगा, इलिनॉय राज्यातल्या ब्लॅक पँथरचा अध्यक्ष. आणि तिसरं, ब्लूजचं शिकागो. अशा गावची चीड म्हटल्यावर ऐकणं भागच होतं.

ऐकलं. एकदा त्याच्यासोबत, एकदा एकट्यानं. मधलं एकही गाणं न गाळता. स्मॅशिंग पम्पकिन्स हा बँड, 'मेलन कॉली अँड द इन्फिनिट सॅडनेस' हा अल्बम. ऑक्टोबर १९९५. दोन सीड्या, अठ्ठावीस गाणी, दोन तास दोन मिनिटं. नावातला पहिला भाग 'मेलँकली' या शब्दाची मोडतोड आहे. दुसऱ्या भागाचा अर्थ अनंत दुःख. म्हणजे उदासी एकदा गमतीनं सांगितली आणि एकदा गंभीरपणे.

याचं कौतुक किती झालं ते आधी सांगतो, नाहीतर म्हणाल की कुठली तरी पडीक वस्तू उचलून झोडतोय. आल्या आल्या अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत पहिला नंबर. १९९७ च्या ग्रॅमीसाठी सात नामांकनं, त्यांतलं एक पदरात. 'टुनाइट, टुनाइट' या गाण्याच्या चित्रफितीला १९९६ मध्ये एमटीव्हीचे सहा पुरस्कार. तिथल्या ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेनं एक कोटी प्रतींचा 'डायमंड' शिक्का मारला. आता या हिशेबात एक गंमत आहे. जोड-अल्बम असला की एका संचाच्या दोन प्रती धरतात. म्हणजे दुःख दुप्पट केलं की आकडाही दुप्पट. पण ते राहू द्या. निम्मे धरले तरी पन्नास लाख संच होतात.

जे चांगलं आहे ते चांगलं आहे, हे सांगायला मला लाज नाही.

सुरुवातीला नुसता पियानो आहे, शब्द नाहीत. संध्याकाळी रिकाम्या घरात कुणी तरी वाजवतंय असं वाटतं. त्यानंतर 'टुनाइट, टुनाइट'. यात शिकागो सिम्फनीच्या व्हायोलिन-चेलोवाल्यांचा तीसेक जणांचा ताफा आहे, पण त्यांच्याखाली जिमी चेम्बरलिनचा ड्रम असा धावतो की सजावट सजावट राहत नाही. हा माणूस थोर वाजवतो. अख्ख्या अल्बममध्ये मला एकच माणूस कधी कंटाळवाणा झाला नाही, तो हा. 'टु फर्गिव्ह' हे बालपणाचं गाणं आहे. हळू, दबलेलं, आरडाओरडा नाही. बिली कॉर्गननं, म्हणजे गाणं लिहिणाऱ्या-गाणाऱ्या मुख्य माणसानं, आपल्या पोरवयात सोसलेल्या मारहाणीबद्दल मुलाखतींतून सांगितलेलं आहे. तेव्हा त्याचं दुःख खोटं आहे असं म्हणायचा मला काहीएक अधिकार नाही. आणि मी तसं म्हणतही नाही.

मग बिघडलं कुठं?

पहिली गोष्ट लांबी. 'पोर्सेलिना ऑफ द व्हास्ट ओशन्स' नावाचं गाणं नऊ मिनिटांच्या वर चालतं. 'थ्रू द आइज ऑफ रूबी' साडेसात मिनिटं. त्यात गिटारचे सत्तरेक थर एकावर एक चढवलेत असं सांगतात. सत्तर! ऐकताना मात्र भिंत ऐकू येते, सत्तर हात ऐकू येत नाहीत. 'क्युपिड द लॉक' मध्ये वीणेसारखं हार्प वाजतं आणि त्यावर जुन्या दरबारी वळणाची इंग्रजी. आपल्याकडे रविकिरण मंडळानंतर जी भाषा कवींनी टाकून दिली, तसलं काहीसं. दुसऱ्या सीडीच्या शेवटी तर ओळीनं पाच मवाळ गाणी येतात. एकातून दुसरं कधी सुरू झालं कळत नाही. पोरगा माझ्याकडे बघत होता, मी घड्याळाकडे.

ओरडण्याच्या गाण्यांचंही तेच. पहिल्यांदा ओरडला तेव्हा आपण दचकतो. चौथ्यांदा ओरडला तेव्हा आपल्याला ठाऊक असतं की आता हा ओरडणार, मग हळू होणार, मग पुन्हा ओरडणार. चीड ठरल्या वेळी येऊ लागली की ती चीड राहत नाही, कवायत होते.

लांबी आली कुठून ते बघा. एके काळी अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीनेक मिनिटं मावायची. तेवढ्यात गाणं संपवावंच लागे. पुढं लाँग प्ले आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. मग सीडी आली आणि एकाच चकतीवर तासाभराहून जास्त बसू लागलं. यंत्रानं जागा दिली. कंपनीनं पैसा दिला. कारण १९९३ चा 'सायमीज ड्रीम' हा अल्बम गाजलेला होता आणि गाजलेल्या माणसाला नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही. या दोन सीड्या भरूनही माल उरला. १९९६ मध्ये उरलेल्या गाण्यांची वेगळी पेटी निघाली. २०१२ मध्ये डझनावारी आणखी तुकडे जोडून नवी आवृत्ती. आणि २०२२-२३ मध्ये तर कॉर्गननं याच गोष्टीचा पुढचा भाग म्हणून तेहतीस गाण्यांचा तीन अंकी अल्बम काढला. अनंत हा शब्द त्यानं फारच मनावर घेतलाय.

पण याच अल्बममध्ये नाही म्हणणारा एक माणूस होता, हेही सांगायला पाहिजे. फ्लड या नावानं ओळखला जाणारा इंग्रज निर्माता. किस्सा प्रसिद्ध आहे. काम संपत आलं होतं. एक गाणं अर्धंमुर्धं होतं. फ्लड म्हणाला, हे काही पुरेसं चांगलं नाही, टाकून देऊ. कॉर्गनला ते झोंबलं. त्यानं घरी जाऊन काही तासांत ते पुरं केलं आणि दुसऱ्या दिवशी आणून ऐकवलं. फ्लडनं एकदाच ऐकून घेतलं. ते गाणं '१९७९'.

आता ऐका. अठ्ठावीस गाण्यांत सगळ्यात नेटकं, सगळ्यात साधं, सगळ्यात जास्त टिकलेलं गाणं कुठलं? '१९७९'. साडेचार मिनिटांच्या आत संपतं. ओरडा नाही. ड्रमचा एक तुकडा फिरत राहतो, आवाजाचा एक चिमटीएवढा तुकडा मध्येच टोकतो, आणि शहराबाहेरच्या वस्तीत गाडीतून भटकणारी कंटाळलेली पोरं डोळ्यांपुढं उभी राहतात. कॉर्गनचा जन्म १९६७ चा. म्हणजे त्या साली तो बारा वर्षांचा. गाण्याला साल आहे, गाव आहे, वय आहे. ज्या गाण्याला नाही म्हटलं गेलं, तेच उभं राहिलं. बाकीच्यांना कुणी नाही म्हटलं नसावं.

माझी दुसरी तक्रार इथूनच निघते, आणि ती लांबीपेक्षा मोठी आहे. '१९७९' च्या दुःखाला पत्ता आहे. 'टु फर्गिव्ह' च्या दुःखाला पत्ता आहे. उरलेल्या बहुतेकांना नाही. तिथं फक्त हवामान आहे. पहिल्या सीडीचं नाव पहाटेपासून संध्याकाळपर्यंत, दुसरीचं संधिप्रकाशापासून चांदण्यापर्यंत. म्हणजे काय? दिवस उगवला, दुःख झालं. दिवस मावळला, दुःख झालं. कुणी केलं, कशानं झालं, ते विचारायचं नाही.

कॉर्गन या अल्बमला आपल्या पिढीचा 'द वॉल' म्हणायचा. 'द वॉल' म्हणजे पिंक फ्लॉइडचा १९७९ चा जोड-अल्बम. तोही लांब आहे, तोही एका श्रीमंत गायकाच्या एकटेपणाचा आहे, त्यातही रडगाणं आहे. पण त्या भिंतीच्या विटांना नावं आहेत. युद्धात मेलेला बाप. घुसमटून टाकणारी आई. पोरांना चिरडणारी शाळा. वीट दाखवतो, मग भिंत दाखवतो. इथं नुसतीच भिंत आहे, आणि तीही सत्तर गिटारींची.

आता ब्लूजकडे येऊ. कारण रॉकच्या गिटारचा जो फाटका, चिरका, अंगावर येणारा आवाज आहे, त्याची मोठी मुळं शिकागोच्याच काळ्या वस्तीत आहेत. मडी वॉटर्स हा मिसिसिपीतल्या स्टोव्हल मळ्यावर राबणारा माणूस. १९४३ मध्ये शिकागोला आला. पोटासाठी कारखान्यात काम केलं, ट्रक चालवला आणि रात्री दारूच्या अड्ड्यांवर वाजवलं. तिथल्या गोंगाटात साधी गिटार ऐकूच येईना, म्हणून विजेची गिटार धरली. लक्षात घ्या, आवाज मोठा केला तो कुणाला तरी ऐकू जावं म्हणून. गरजेतून. पुढं गोऱ्या पोरांनी तो आवाज उचलला, त्याच्यावर कोट्यवधी कमावले. १९५० सालच्या त्याच्या एका गाण्यावरून तर एका जगप्रसिद्ध इंग्लिश बँडनं आपलं नाव घेतलं.

इंग्रजीत निळेपणा म्हणजे उदासी. ब्लूज म्हणजे दुःखच. आपला निळा वेगळा, पण तो शब्द त्यांनी जसा वापरला ते समजून घेण्यासारखं आहे. दुःख तीन मिनिटांत सांगायचं. आणि त्यात पत्ता द्यायचा. घरमालक, मळ्याचा मुकादम, पूर, आगगाडी, सोडून गेलेली बाई, रिकामा खिसा. वर एक हसू. रडणारा माणूस स्वतःची टर उडवतो आणि ऐकणारा सावरतो. त्यांना तीनच मिनिटं मिळाली म्हणून मी त्या टंचाईचे गोडवे गाणार नाही. टंचाई वाईटच. पण तीन मिनिटं मिळालेल्यांनी काय ठेवलं आणि एकशे बावीस मिनिटं मिळालेल्यानं काय ठेवलं, हा प्रश्न विचारायचा की नाही?

पोरगा इथं चिडला. म्हणाला, "दादा, दुःखाला काय जात असते का?"

मी म्हटलं, दुःखाला नसेल. दुःखाला मिळणाऱ्या वेळेला असते.

म्हणाला, "म्हणजे तुम्हाला सगळ्या गाण्यांत मोर्चाच पाहिजे."

नाही रे बाबा. मडी वॉटर्सच्या गाण्यांत तरी कुठं मोर्चे आहेत? बायका आहेत, बढाया आहेत, दारू आहे. मला घोषणा नको आहेत. घोषणा लिहिणं सोपं, ते मीही करतो. मला एवढंच पाहिजे की पिंजरा म्हणालास तर गज कुणी ओतले ते कधी तरी दिसू दे. दोन तासांत एकदा तरी.

आता एक गोष्ट सांगतो आणि ती जपून सांगतो. हा अल्बम १९९५ च्या मार्चपासून ऑगस्टपर्यंत घडला, बराचसा शिकागोतच. त्याच वर्षी जुलैच्या मध्यात त्याच शहरात उष्णतेची लाट आली. १३ जुलैला पारा १०६ फॅरनहाइट, म्हणजे ४१ अंशांवर गेला. आपल्या विदर्भाला यात काय नवल, असं वाटेल. पण तिथली घरं विटांच्या भट्ट्या झाल्या, वीज गेली, पाणी गेलं, आणि एकेकट्या खोल्यांत म्हातारी माणसं मेली. त्या आठवड्यात नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त मेली. शवागारात जागा उरली नाही, बाहेर बर्फगाड्या उभ्या केल्या. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञानं २००२ मध्ये यावर पुस्तक लिहिलं. त्यात दोन शेजारच्या वस्त्या घेतल्यात, नॉर्थ लॉन्डेल आणि साउथ लॉन्डेल. ऊन दोन्हींकडे तेच. पण काळ्यांच्या, उजाड केल्या गेलेल्या नॉर्थ लॉन्डेलमध्ये माणसं कितीतरी जास्त मेली. याच नॉर्थ लॉन्डेलमध्ये १९६६ साली मार्टिन ल्यूथर किंग घरांच्या लढ्यासाठी येऊन राहिले होते.

मी असं म्हणत नाही की कॉर्गननं यावर गाणं लिहायला हवं होतं. तसं म्हणणं ही दंडेली झाली. लेखकानं कशावर लिहावं हे कुणी दुसऱ्यानं ठरवू नये. प्रस्थापितांनी आपल्याला हेच सांगितलं होतं ना, असं लिहा, तसं लिहू नका? ते मी त्याला सांगणार नाही.

मी बोलतोय ते एका शब्दाबद्दल. अनंत. त्या जुलैत शिकागोच्या महापौरांनी मृतांच्या आकड्यावरच शंका घेतली. एवढी माणसं उन्हानं मेलीच नाहीत, म्हणाले. शवचिकित्सक मोजत होता आणि महापौर म्हणत होते, मोजू नकोस. म्हणजे भांडण मोजण्यावरून होतं. ७३९ हा आकडा अनंत नाही. तो मोजलेला आहे, भांडून मोजलेला आहे, आणि मोजला म्हणून तर जाब विचारता आला. दुःख अनंत आहे असं एकदा म्हटलं की मोजायची जबाबदारी संपते. मग जाब कुणाला विचारणार? चांदण्याला?

एक कारण आतलंही आहे. या बँडमध्ये चार माणसं. कॉर्गन, चेम्बरलिन, बास वाजवणारी डार्सी रेट्स्की, आणि जपानी वंशाचा गिटारवाला जेम्स इहा. अठ्ठावीसपैकी एकट्या कॉर्गननं लिहिलेली सव्वीस. इहाच्या वाट्याला एक पुरं आणि एक अर्धं. एकाच माणसाच्या हातात दोन तास माइक दिला की काय होतं ते आपल्याला सभांमधून चांगलं ठाऊक आहे. माणूस वाईट नसतो. पण त्याला खाली बसवणारं कुणी नसतं.

आणि याला नाव 'अल्टर्नेटिव्ह रॉक'. पर्यायी! कशाला पर्याय? माल व्हर्जिन रेकॉर्ड्सचा, आणि ती कंपनी १९९२ मध्येच थॉर्न ईएमआयच्या पोटात गेलेली. पिंजऱ्याचं गाणं पिंजरेवाल्याच्याच दुकानात. त्याच काळात वॉशिंग्टनच्या फुगाझी या बँडनं कार्यक्रमाचं तिकीट पाचेक डॉलरवर धरून ठेवलं होतं आणि अल्बम आपल्याच मंडळींच्या छोट्या कंपनीतून काढले. तेव्हा दुसरा रस्ता नव्हता असं नाही. 'झीरो' हा शर्ट कॉर्गन रंगमंचावर घालायचा, मग तो बाजारात आला आणि फिरत फिरत आमच्या पोराच्या अंगावर बसला. काहीच नसल्याची खूण, पैसे मोजून घेतलेली.

मग काहीच ऐकू नका म्हणतोय का? अजिबात नाही. माझ्यापुरती मी दहा गाणी निवडली. पहिला पियानो, 'टुनाइट, टुनाइट', 'झीरो', 'बुलेट विथ बटरफ्लाय विंग्ज', 'टु फर्गिव्ह', 'मझल', 'थर्टी-थ्री', '१९७९', 'एक्स.वाय.यू.' आणि शेवटचं 'फेअरवेल अँड गुडनाइट'. शेवटचं यासाठी की त्यात चौघंही गातात. हा पाऊण तासाच्या आतबाहेरचा अल्बम असता तर मी गावभर सांगत फिरलो असतो. उरलेल्या अठरांनी या दहांना गाडलंय. माझी निराशा आहे ती ही. वाईट माणसानं वाईट काम केलं असतं तर दोन ओळींत संपवलं असतं.

आणि आता आपल्याबद्दल. ज्यांनी स्टेन्सिलवर अंक काढले त्यांना शब्दाची किंमत ठाऊक होती. एक स्टेन्सिल वाढली की शाई वाढे, रिमं वाढत, वर्गणी मागायला आणखी चार दारं हिंडावं लागे. म्हणून कापाकापी व्हायची, भांडणं व्हायची, आणि कविता सुधारायची. आता मोबाइलवर कितीही लिहा, फुकट आहे. आपली पोरं दोनदोनशे ओळींचा अंधार लिहितात. अनंत, युगानुयुगं, हजारो वर्षं. वाचताना अंगावर काटा येतो आणि पाचव्या मिनिटाला तो काटा झोपतो. वाहवा मात्र ढीगभर मिळते. नाही म्हणणारा कुणी नाही, कारण आपल्याच माणसाला नाही कसं म्हणायचं?

तसंच म्हणायचं. आपलं आहे म्हणूनच म्हणायचं.

पोराची कविता माझ्याकडे आली होती, या अंकासाठी. एकशे ऐंशी ओळी. त्यात एका ठिकाणी त्याची आजी रेशनच्या रांगेत उभी आहे. दुकानदार तिचं कार्ड हातात न घेता काउंटरवर टाकायला सांगतो आणि ती ते पदरानं पुसून परत घेते. बारा ओळी. मी बाकीच्यांवर काट मारली. दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आला, म्हणाला, "दादा, दुकानदाराचं नाव घालू का?"

मी म्हटलं, घाल.

शर्ट अजून तोच होता. असू दे.